बिनशिवणीचे दार

क्लेम नॅनकिव्हलच्या अंत्यदर्शनाला मर्व्ह ट्रेगेंझा काळा कोट घालून गेला. रांगेत उभा राहिला. शवपेटीपाशी पोचल्यावर त्याने डोके झुकवले आणि मग पेटीच्या आतल्या सॅटिनच्या अस्तरावरून अंगठ्याचे नख फिरवले. क्लेम त्याचा शाळेपासूनचा मित्र. क्लेमच्या डाव्या खांद्यापाशी चुणी होती. मर्व्हने अंत्यविधीवाल्याला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात सांगितले, कापड आडवे कापले आहे, उभे कापायला हवे होते. क्लेमच्या बायकोने ते ऐकले. तेवढ्यापुरते आपले रडू थांबले, त्याबद्दल आपण मर्व्हचे आभारी आहोत, असे ती नंतर म्हणाली.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या कडायना गावात याचे कुणाला नवल वाटले नाही.

मर्व्ह मोटारींच्या आतले कातड्याचे काम करी. सीट, छत, दारांची पॅनेले. गावाच्या कडेला, धान्याच्या कोठारांपलीकडे त्याची पत्र्याची शेड होती. तिथे तो आणि नोलीन पॅस्को दोघेच काम करत. नोलीन शिवणाच्या मशीनवर बसे. आधी ती शर्यतीच्या घोड्यांचे साज शिवायची. घोडे कमी झाले, तेव्हा ती गाड्यांकडे वळली. घोडा निदान लाथ मारून सांगतो कुठे टोचतंय ते, असे ती म्हणे. गाडीवाले फोन करतात.

मर्व्हचा सुरकुतीवर राग होता. धंद्यापुरता असता तर चालला असता. पण तो सगळीकडे होता. मेथडिस्ट चर्चमध्ये पापाविषयी प्रवचन सुरू झाले की मर्व्ह मान डोलवी, आणि त्याच्या डोळ्यांपुढे फक्त दाराचे पॅनेल येई. वरचा कोपरा, जिथे कातडे वळते आणि गोळा होते. त्याच्या मते सुरकुती कातड्याला पडत नसे, माणसाला पडे, आणि ती कातड्यावर दिसे. हे वाक्य तो गिऱ्हाइकांना ऐकवी. गिऱ्हाईक घड्याळ बघे.

कौशल्य मात्र खरे होते. हे मान्य करावे लागते, आणि सगळा त्रास त्यामुळेच होता. दुसऱ्या कुणी बिघडवलेले पॅनेल त्याच्याकडे आले की तो ते उलटे करी. कडेचे कातडे सोडवी, मागची बाजू ओल्या स्पंजने पुसे, गरम हवेची बंदूक वीतभर लांब धरून ऊब देई. मग ते सरळ करून तळहाताच्या टाचेने सुरकुतीला कडेकडे नेई. ओढत नसे. नेई. एखाद्या म्हाताऱ्या गाईला फाटकापर्यंत न्यावे तसे. कडेला पोचल्यावर मागून कात्रीने छोटे त्रिकोण कापी, म्हणजे जास्तीचे कातडे एकमेकांच्या डोक्यावर चढत नसे. मग कड पुन्हा चिकटवी. पॅनेल सुलटे केले की सुरकुती गेलेली असे. गिऱ्हाईक वा म्हणे. मर्व्ह वा म्हणत नसे. तो गिऱ्हाइकाला आधीच्या कारागिराचे नाव विचारी, आणि ते लक्षात ठेवी.

दर जानेवारीत गावातल्या फुटबॉलच्या मैदानावर मोटार क्लबाचे प्रदर्शन भरे. आजूबाजूच्या गावांतून लोक आपल्या जुन्या गाड्या चकचकीत करून आणत. गाड्यांच्या आतल्या कामाचा परीक्षक मर्व्ह होता. कधीपासून होता ते कुणाला आठवत नव्हते. त्या दिवशी तो पांढरा कोट घाली. त्याची बायको ग्लेनिस त्या कोटाला खळ घालून इस्त्री करी. तो घालून मर्व्ह चालू लागला की कागद चुरगाळल्यासारखा आवाज येई. माणसे आवाज ऐकूनच गप्प होत.

तो टॉर्च लावून बघे. सीटला गाल लावून बघे. बाकीच्या परीक्षकांना एका गाडीला जितका वेळ लागे तितका वेळ तो एका दाराला लावी. एका बाईने एकदा सांगितले की ही सुरकुती नाही, गाईच्या अंगावरची नैसर्गिक खूण आहे. मर्व्ह म्हणाला, मग चूक गाईची. पण गाय स्पर्धेत नाही, त्यामुळे गुण तुमचे जातील.

क्लबाचा अध्यक्ष रॉइस हॉकिंग होता. बार्लीचा मोठा शेतकरी. त्याने आपल्या फोर्डचे आतले काम थेट अॅडलेडहून करून आणले. गावात मर्व्ह असताना अॅडलेडला जाणे हाच एक गुन्हा होता. प्रदर्शनाच्या दिवशी मर्व्ह त्या फोर्डच्या आत, तळावर उताणा झोपला आणि सीटच्या खालून टॉर्च मारला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. बराच वेळ ते बूट स्थिर होते. मग एक बूट हलला, आणि रॉइसला कळले की सापडली.

ती सुरकुती फक्त उंदराला दिसली असती. मर्व्हने ती लाउडस्पीकरवरून सांगितली. गाडीचा नंबर, मालकाचे नाव आणि कारागिराच्या शहराचे नाव घेऊन सांगितली.

रॉइस वर्षभर काही बोलला नाही. डिसेंबरात क्लबाची बैठक झाली, तेव्हा तो अगदी मऊ आवाजात बोलला. मर्व्हने आजवर स्वतःची गाडी कधी प्रदर्शनात ठेवली नाही, हे त्याने सगळ्यांच्या लक्षात आणून दिले. मर्व्ह म्हणाला, परीक्षकाने स्पर्धेत उतरू नये, हे साधे आहे. रॉइस म्हणाला, बरोबर आहे. म्हणून या वर्षी गाड्या दुसरे कुणीतरी बघेल. मर्व्हने आपली गाडी आणावी. आत एकही सुरकुती नसेल तर पांढरा कोट त्याच्याकडे जन्मभर. एक जरी निघाली तरी कोट क्लबाकडे.

रॉइसचे वाक्य संपायच्या आत मर्व्ह हो म्हणाला. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या चहात बघितले.

मग कोण बघणार, हा प्रश्न निघाला. काम कळणारे माणूस हवे होते. रॉइसने नोलीनचे नाव सुचवले. मर्व्ह मोठ्याने हसला. घरी येऊन त्याने ग्लेनिसला सांगितले की कोटाची बटणे एकदा घट्ट करून ठेव, आता तो बरीच वर्षे लागणार आहे. नोलीनला विचारले का, असे ग्लेनिसने विचारले. त्यात विचारायचे काय, असे मर्व्हला वाटले.

दुसऱ्या दिवशी नोलीन मशीनमध्ये दोरा ओवत होती. तिने डोळे वर केले नाहीत.

"जे दिसेल ते सांगेन," ती म्हणाली.

"तू माझ्याकडे कामाला आहेस, नोलीन."

"शिवायला आहे. बघायला नाही."

मर्व्हला हे फारसे मनाला लावून घ्यावेसे वाटले नाही. दिसायला काही असेल तर ती सांगणार. त्याच्या गाडीत दिसायला काही असणार नव्हते.

गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी व्हॅलियंट. सीट आणि छत त्याने पूर्वीच केले होते. दारे बाकी होती. साधी सपाट पॅनेले केली असती तर तो सुटला असता. गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केले असते. पण मर्व्हने पॅनेलच्या प्लायवुडवर, म्हणजे प्लायवर, फोमचा जाड थर चिकटवला आणि तो घासून घासून त्यातून एक लाट काढली. बिजागरीपासून दाराच्या मुठीपर्यंत खोल पन्हळ, तिच्यावर फुगीर कड, कड पुढे खाली उतरत गेलेली. त्यावर डाळिंबी रंगाचे कातडे. अख्खे. मधे शिवण नाही.

नोलीनने पन्हळीत मूठ घालून बघितली. मूठ मनगटापर्यंत गेली. तिने सांगितले, तळाशी शिवण घे. प्लायला उभी चीर पाड, शिवणीची पट्टी चिरेतून मागे ओढ आणि मागून ठोक. म्हणजे तळ धरून राहील, काही झाले तरी वर येणार नाही.

"शिवण म्हणजे पत्करलेली सुरकुती," मर्व्ह म्हणाला.

"शिवण म्हणजे शिवण," नोलीन म्हणाली आणि सिगारेट ओढायला बाहेर गेली.

पहिले कातडे फुकट गेले. वरच्या कोपऱ्यात कासवाच्या मानेसारख्या वळ्या पडल्या. मर्व्हने ते गोंदासकट ओरबाडून काढले, त्याबरोबर फोमही निघाला, आणि लाट पुन्हा पहिल्यापासून घासावी लागली. दुसऱ्या वेळी त्याने जनावराच्या पाठीकडचा ताठ भाग सोडून पोटाकडचा घेतला. पोटाचे कातडे ताणते. मागून ओले केले, ऊब दिली, आणि ग्लेनिसच्या पुडिंग ढवळायच्या लाकडी चमच्याच्या पाठीने ते पन्हळीत बसवत गेला. आधी तळ, मग उतार, मग कड. सुरकुत्या पुढे पळत होत्या आणि तो त्यांच्या मागे होता. कडेला पोचल्यावर त्याने त्यांना कात्री दाखवली. वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि रात्रभर तसेच राहू दिले.

सकाळी पिशव्या उचलल्या. कातडे चिकटवलेले वाटत नव्हते. ओतलेले वाटत होते.

नोलीन हातातला कप तसाच धरून उभी राहिली. चांगलं झालंय, ती म्हणाली. याआधी कधी तिने असे म्हटल्याचे मर्व्हला आठवत नव्हते. मग तिने हाताची उलटी बाजू पन्हळीवर टेकवली आणि सगळ्याचा विचका केला. म्हणाली, फार ताणलंस. याच्यात आता द्यायला काही उरलं नाही. तळाशी त्याला धरून आहे तो फक्त गोंद. इथे गारव्यात बरं वाटतंय. जानेवारीत मैदानावर गोंद मऊ झाला की हे सरळ व्हायला बघेल.

ही बाई जळते, असे मर्व्हने ठरवले. दुसरे दारही त्याने तसेच केले.

प्रदर्शनाच्या दिवशी उत्तरेकडून वाळवंटाचा वारा आला. मैदानावरचे गवत पिवळे पडून चुरचुरत होते. गोलपोस्टवर गॅला पोपट चोची उघड्या टाकून बसले होते. गाड्यांच्या जागा वाटायचे काम अध्यक्षाकडे असे. झाडांखालच्या जागा कशा कुणास ठाऊक लवकर संपल्या. मर्व्हच्या व्हॅलियंटला मैदानाचा बरोबर मध्य मिळाला. सगळ्यांना नीट दिसावी म्हणून, असे रॉइस म्हणाला.

सकाळ मर्व्हची होती. माणसे येत, दारात वाकत आणि गप्प होत. ज्यांचे गुण त्याने वर्षानुवर्षे कापले होते ती माणसे. एकाने तर टोपी काढली. मर्व्ह साध्या शर्टात, हात पाठीशी बांधून उभा होता आणि नम्र दिसायचा प्रयत्न करत होता. त्याला ते जमत नव्हते.

दुपारच्या सुमारास तो धूळ पुसायला आत वाकला. ऊन पलीकडच्या काचेतून शिरून थेट चालकाच्या दारावर पडले होते. पन्हळीच्या तळाशी सावली असायला हवी होती. तिथे चमक होती.

त्याने बोट लावले. कातडे खाली गेले. बोट काढले. कातडे सावकाश वर आले. ओठ सुटे व्हावेत तसा बारीक आवाज झाला, आणि कोपऱ्यापासून सुरकुत्या निघून कडेपर्यंत पसरल्या.

मर्व्हने आजूबाजूला बघितले. मग तो गाडीत बसला, दार ओढून घेतले आणि उजवे कोपर पन्हळीत दाबून धरले. कोपर तिथे अगदी बेतून केल्यासारखे बसले.

तो तसाच बसून राहिला. बाहेर उभे राहवत नव्हते, आत तर भट्टी होती. लोक खिडकीशी येऊन विचारत, काय मर्व्ह, आत का. मर्व्ह सांगे, मजा येतेय. घाम हनुवटीवरून टपकत होता. एका जुन्या ओळखीच्याने हात पुढे केला, तेव्हा मर्व्हने डावा हात दिला. तो माणूस जरा वेळ खिडकीशी रेंगाळला, आणि मग ही गोष्ट तंबूकडे सांगायला गेला.

ग्लेनिस पेस्टी घेऊन आली. आत गोमांस आणि बटाटा, वर टोमॅटो सॉस. मर्व्हने ती डाव्या हाताने खाल्ली. सॉस शर्टावर सांडला. ग्लेनिसने शर्टाकडे बघितले, मग कोपराकडे. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर फार विचारावे लागत नाही.

"किती वेळ असा बसणार?"

"नोलीन बघून जाईपर्यंत."

"आणि ती बघणार कशी?"

मर्व्हने याचा विचार केला नव्हता. ग्लेनिसने ओला रुमाल त्याच्या डोक्यावर ठेवला आणि ती सावलीत निघून गेली.

नोलीन आली ती फुलाफुलांच्या झग्यात आणि गवताच्या टोपीत. हातात टॉर्च नव्हता. तिच्या मागे रॉइस, त्याच्या हातात माइक, आणि त्याच्या मागे जवळजवळ अख्खे गाव. तिने सीटवर हात फिरवला. छताकडे बघितले. पलीकडचे दार उघडून बघितले. त्याच्या आतल्या बाजूवर ऊन आले नव्हते, ते अजून धरून होते. काही नाही, ती म्हणाली. मग वळसा घालून ती चालकाच्या खिडकीशी आली.

"उतर, मर्व्ह."

"मी बरा आहे इथे."

"दार बघायचंय."

"बघ की. मी कुठे अडवतोय?"

"दार बघायचंय, म्हटलं. कोपर नाही."

लोक हसले. परीक्षण होईपर्यंत मालकाने गाडीपासून लांब उभे राहायचे, असा नियम आहे, याची रॉइसने आठवण करून दिली. नियम मर्व्हनेच केला होता. क्लेमचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्या वर्षीसुद्धा त्याने त्याला कुबड्यांवर उन्हात उभे केले होते.

मर्व्हने आवाज खाली आणला. आता तो फक्त नोलीनला ऐकू जात होता.

"नोलीन. किती वर्षं बरोबर काम केलं आपण."

ती वाकली. तिच्या टोपीची सावली त्याच्या तोंडावर पडली.

"म्हणून सांगते, उतर," तीही हळूच म्हणाली. "सुरकुतीचं हे लोक आठवडाभर बोलतील. कोपराचं तू मरेपर्यंत बोलतील. आणि मग तुझ्या अंत्यविधीला बोलतील."

मर्व्ह समोरच्या काचेतून बघत राहिला. समोर रॉइसची फोर्ड निलगिरीच्या सावलीत उभी होती. त्याने दार उघडले, कोपर दाबलेलेच ठेवून एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. शेवटी कोपर उचलावेच लागले. तो लांब जाऊन उभा राहिला. कातड्याचा रंग लागून शर्टाची उजवी बाही डाळिंबी झाली होती.

कातडे क्षणभर थांबले. मग आवाज करून वर आले.

सगळे वाकले. कुणी हसले नाही. हसले असते तर मर्व्हला बरे वाटले असते.

"सकाळी नव्हती," तो म्हणाला.

"सकाळी ऊन नव्हतं," नोलीन म्हणाली.

रॉइसने घसा साफ केला. वर्षभर वाट बघितलेला माणूस घाई करत नाही. त्याने माइक तोंडाशी धरला आणि सांगितले, व्हॅलियंट, मालक मर्व्ह ट्रेगेंझा, काम कडायनातलेच, चालकाचे दार, सुरकुती, एक.

"एक कुठली?" नोलीन म्हणाली. "नीट मोज."

त्याच संध्याकाळी मर्व्हने कोट रॉइसच्या घरी नेऊन दिला. घडी घातलेला. क्लबाने तो नोलीनला देऊ केला. जानेवारीत कोट कोण घालतं, असे ती म्हणाली, आणि तो क्लबाच्या कपाटात गेला. पण गाड्या बघायचे काम तिने घेतले. पुढच्या वर्षी सगळ्यांना लवकर घरी जाता येईल, एवढेच तिने आश्वासन दिले.

मर्व्हने आठवडाभर पाठदुखीचे निमित्त करून शेड उघडली नाही. उघडली तेव्हा नोलीन आधीच आत होती. चालकाच्या दाराचे पॅनेल टेबलावर होते, आणि डाळिंबी कातडे तिने पन्हळीच्या तळाशी उभे कापून ठेवले होते. प्लायला चीर मर्व्हनेच पाडली. तिने शिवण घेतली, पट्टी मागे ओढली, त्याने मागून ठोकली. काम झाल्यावर त्याने शिवणीवरून अंगठ्याचे नख फिरवले. वरून खाली, मग खालून वर.

"सापडलं काही?"

"नाही."

"मग हात काढ. दुसरं दार आण."

एप्रिलात शेजारच्या वॉलरू गावाहून एक तरुण आला. त्याच्याकडे जुनी मोनारो गाडी होती. तिला एकसंध पॅनेले हवी होती, खोल पन्हळीची, बिनशिवणीची. अशी फक्त मर्व्ह ट्रेगेंझा करतो, असे त्याने ऐकले होते. बाकीचे त्याने ऐकले नसावे.

मर्व्हने टेबलावर कोपर टेकले आणि त्याला समजावून सांगितले. पन्हळ म्हटली की तळाशी शिवण आलीच. नाहीतर कातडे उन्हात सुटते. हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि तो स्वतः तर कित्येक वर्षे लोकांना हेच सांगत आला आहे. ज्याला शिवता येत नाही तो बिनशिवणीच्या गप्पा मारतो.

मागे मशीन थांबले. नोलीनने चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मर्व्ह त्या तरुणाच्या गाडीचे फोटो लक्ष देऊन बघत होता.

"कोण करतं रे असं?" तिने विचारले.

"असतात काही लोक," मर्व्ह म्हणाला. "अॅडलेडकडचे."